गेफी : पडद्यावरचा ले-आउट आणि शॉपवरचा ले-आउट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपला शेजारचे शेड मिळाले आणि मधली भिंत पाडल्यावर २२ मशीन, दोन तपासणी टेबले, टूल क्रिब (हत्यारे ठेवण्याची जागा), स्टोअर आणि डिस्पॅच यांची नव्याने मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले. आसपासच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, आम्ही मशीनकाम करून देतो. पंपाची बॉडी, बेअरिंगचे हाउसिंग, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट असा हा माल असतो. त्यातली कोणतीही एक वस्तू वर्षभर चालत नाही आणि प्रत्येकीचा मशीनमधून जाण्याचा मार्ग निराळा असतो. अशा शॉपचा ले-आउट करण्याची आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे आलेखाच्या कागदावर शेड काढायचे, पुठ्ठ्याचे मशीनच्या मापाचे तुकडे कापायचे आणि मालक, सुपरवायझर व मी अशा तिघांनी चहा संपेपर्यंत ते तुकडे सरकवत बसायचे. ज्याचा आवाज मोठा त्याचे मशीन दाराजवळ, हा त्या पद्धतीचा अलिखित नियम. या वेळी पुठ्ठ्याला कात्री लावण्याआधी मी ‘गेफी’ हे जाळ्यांची चित्रे काढणारे सॉफ्टवेअर वापरले, आणि आमच्यासारख्या मध्यम आकाराच्या जॉब शॉपला ते कितपत उपयोगी पडते, हे नोंदवण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

गेफी मोफत मिळते आणि मुक्त स्रोत आहे. फ्रान्समधल्या काँपिएन येथील तंत्रविद्यापीठात २००८ च्या सुमारास ते आकाराला आले आणि २००९ मध्ये त्याची जाहीर मांडणी झाली. ते जावामध्ये लिहिलेले असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. कारखान्यांसाठी ते बनवलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोण कोणाशी बोलते, कोण कोणाचा लेख उद्धृत करते, कोणते संकेतस्थळ कोणाला जोडलेले आहे, अशा जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांसाठी आणि पत्रकारांसाठी ते तयार झाले. त्याला ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एवढेच समजते. ठिपका म्हणजे माणूस आहे, गाव आहे की व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे संगणकचलित मशीन), याच्याशी त्याला काहीही कर्तव्य नाही, आणि नेमक्या याच कारणामुळे ते आपल्या कामाला लावता येते.

समाजजालाच्या विश्लेषणाचा कारखान्याच्या मांडणीशी संबंध जोडणे वरवर पाहता ओढूनताणून केल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या शास्त्राचा उगमच माणसांना जागा वाटून देण्याच्या प्रश्नापाशी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील मुलींच्या सुधारगृहात १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या, तेव्हा जेकब मोरेनो यांनी कोणती मुलगी कोणाबरोबर राहू इच्छिते हे विचारून त्यांची जाळी काढली आणि पुढे त्या आवडीनिवडी पाहून कोणाला कोणत्या घरात ठेवायचे हे ठरवण्याची पद्धत बसवली. त्यांचे त्यावरचे पुस्तक १९३४ चे आहे. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर चालिंग कूपमन्स आणि मार्टिन बेकमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला प्रश्न याच धाटणीचा आहे : इतक्या जागा, तितकीच यंत्रे, दर दोन यंत्रांमधली नेआण ठाऊक, दर दोन जागांमधले अंतर ठाऊक, तर कोणते यंत्र कोठे ठेवावे? हा प्रश्न ऐकायला सोपा आणि सोडवायला भयंकर आहे. १० यंत्रे १० जागी ठेवण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात, आणि १५ यंत्रांना ती संख्या सुमारे १.३ लाख कोटींच्या घरात जाते. म्हणून १९६३ मध्ये आलेल्या ‘क्राफ्ट’सारख्या संगणकीय पद्धतींनी सर्व प्रकार तपासण्याचा नाद सोडला आणि दोन-दोन विभागांची अदलाबदल करून सुधारणा होते का, एवढेच पाहायला सुरुवात केली. आमच्या चहाच्या बैठकीत पुठ्ठे सरकवून आम्हीही तेच करत होतो, इतकेच की आमच्याजवळ आकडे नव्हते.

गेफीला आकडे लागतात, आणि ते गोळा करणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा पण सर्वांत फलदायी भाग ठरला. कोणती वस्तू कोणकोणत्या मशीनवरून जाते हे लिहिलेल्या रूट कार्डांची चवड घेऊन मी बसलो. एका वस्तूचा मार्ग जर स्टोअर, सीएनसी लेथ, व्हीएमसी, डिबरिंग (धारदार कडा घासून काढणे), तपासणी, डिस्पॅच असा असेल तर त्यातून पाच रेघा निघतात. एक्सेलमध्ये पहिल्या स्तंभात जिथून माल निघतो ते ठिकाण, दुसऱ्यात जिथे पोचतो ते, आणि तिसऱ्यात वजन, असे लिहून फाइल सीएसव्हीमध्ये जतन केली की गेफी ती वाचते. स्तंभांची नावे मात्र सोर्स, टार्गेट आणि वेट अशी इंग्रजीतच द्यावी लागतात. एकाच जोडीच्या अनेक ओळी असतील तर त्यांचे काय करायचे हे ते फाइल घेताना विचारते. तेथे बेरीज हा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सरासरी निवडली गेली तर दिवसभर चालणारी वाट आणि महिन्यातून एकदा चालणारी वाट सारख्याच जाडीच्या दिसू लागतात.

वजन म्हणून काय धरावे, या एका प्रश्नावर मी दोन दिवस घालवले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. नगांची संख्या धरली तर छोट्या बुशचे हजार नग एका मोठ्या पंप बॉडीला झाकून टाकतात, जरी ते सगळे बुश एकाच बिनमधून जात असले तरी. किलो धरले तर उलटे होते. शेवटी मी ट्रॉलीच्या फेऱ्या धरल्या, कारण माणूस चालतो तो फेरीसाठी, नगासाठी नव्हे. ज्या मालाला क्रेन लागते त्याची एक फेरी मी तीन फेऱ्यांबरोबर मानली. हा तीनचा आकडा शास्त्रातून आलेला नाही, आमच्या सुपरवायझरच्या अनुभवातून आलेला आहे, आणि पुढे कोणी आमचे चित्र मागितले तर त्याला ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे, अशी मी फाइलमध्येच टीप लिहून ठेवली आहे.

पहिले चित्र निराशाजनक होते. गेफीत ‘फोर्सॲटलस २’ नावाची पद्धत आहे. तिच्यात सर्व ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा त्यांना स्प्रिंगसारख्या ओढतात, आणि काही क्षण खळबळ होऊन चित्र स्थिरावते. हा खेळ पडद्यावर पाहताना मजा येते, हे मान्य केले पाहिजे; आमचे मालक तर खुर्ची ओढून बसले. पण स्थिरावल्यावर दिसले ते एवढेच की तपासणी आणि डिबरिंग मधोमध असून बाकीची सर्व मशीन त्यांच्याभोवती गर्दी करून उभी आहेत. हे कळायला संगणक कशाला हवा, असे मालक म्हणाले आणि उठून गेले. त्यांचे खरे होते. प्रत्येक वस्तू तपासणीला जाते, म्हणून तपासणी प्रत्येकाची शेजारीण होते आणि बाकीच्यांची आपसातली नाती तिच्या सावलीत दिसेनाशी होतात.

उपाय सोपा आहे, पण तो सुचायला मला वेळ लागला. तपासणी, डिबरिंग, स्टोअर आणि डिस्पॅच हे चार सार्वजनिक ठिपके काढून टाकले आणि फक्त मशीनांचे जाळे ठेवले, तेव्हा चित्र बोलू लागले. गेफीच्या मॉड्युलॅरिटी या गणिताने मशीनांचे गट पाडले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली लूव्हाँ नावाची पद्धत त्यामागे आहे. ज्यांची आपसात नेआण जास्त आणि बाहेर कमी, असे ठिपके ती एका रंगात रंगवते. आमच्याकडे तीन गट निघाले. पहिल्या दोघांत आश्चर्य नव्हते. तिसऱ्या गटात मात्र जुन्या शेडच्या एका टोकाचा रेडियल ड्रिल आणि दुसऱ्या टोकाचा लहान व्हीएमसी एकत्र होते, आणि रूट कार्डे पुन्हा चाळल्यावर ध्यानात आले की एका जातीच्या ब्रॅकेटांचा सगळा कारभार या दोघांमध्येच चालतो. वर्षानुवर्षे हेल्पर हे ब्रॅकेट शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत होते आणि ड्रिल पहिल्यापासून तिथे आहे यापलीकडे त्याला कोणतेही कारण नव्हते.

गट किती पाडायचे हे रिझोल्यूशन या आकड्यावर ठरते. तो १ वर असतो. कमी केला तर लहान-लहान गट जास्त निघतात आणि वाढवला तर मोठे-मोठे गट कमी निघतात. शिवाय ही पद्धत यादृच्छिक सुरुवात करते, म्हणून दोनदा चालवली तर कडेची एखाद-दोन मशीन गट बदलू शकतात. ज्या मशीनने पाच वेळांत तीनदा पक्ष बदलला ते मशीन दोन्ही गटांच्या सीमेवर ठेवावे, असा माझा निष्कर्ष आहे. आमचा सरफेस ग्राइंडर अशाच प्रकारे मधल्या गँगवेला, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेला, लागून उभा राहिला. येथे जुन्या जाणत्यांचा आक्षेप मला ऐकू येतो आहे, आणि तो बरोबर आहे : मार्गपत्रकांवरून यंत्रांचे गट पाडण्याचे हेच काम जॉन बर्बिज यांनी १९६० च्या दशकात उत्पादन-प्रवाहाच्या विश्लेषणातून केले होते, आणि वस्तू व यंत्रे यांच्या कोष्टकातल्या ओळी-स्तंभ उलटसुलट करून ठोकळे जुळवण्याची पद्धतही १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. गेफीने तत्त्व नवे दिले नाही. पण कोष्टक पाहून सुपरवायझर जांभई देतो आणि रंगीत जाळे पाहून तो बोट ठेवून भांडतो, हा फरक लहान नाही.

मध्यस्थतेच्या गणिताबद्दल मात्र सावध करायला हवे. कोणत्याही दोन ठिपक्यांमधल्या सर्वांत जवळच्या वाटा ज्या ठिपक्यातून जातात, तो किती वेळा वाटेत येतो याचे माप लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये दिले. कारखान्यात ते आकर्षक वाटते, कारण हा ठिपका बंद पडला तर सगळ्यांची वाट अडेल असे वाटते. पण गेफी हे माप काढताना रेघांचे वजन धरत नाही. दिवसाला ४० फेऱ्यांची वाट आणि महिन्याला एका फेरीची वाट त्याला सारखीच. ज्या साधनांत वजन धरले जाते तिथे उलटा घोटाळा होतो, कारण तिथे वजन म्हणजे अंतर असे समजले जाते आणि सर्वांत जास्त नेआण असलेली दोन मशीन सर्वांत दूरची ठरतात. आणखी मूलभूत गोष्ट अशी की कास्टिंग अफवेसारखे मिळेल त्या वाटेने जात नाही, ते रूट कार्डावरच्या वाटेने जाते. मालाच्या जाळ्यासाठी हे माप मी एकदा पाहिले आणि बाजूला ठेवले.

आता माझी चूक सांगतो, कारण गेफी वापरणाऱ्या प्रत्येक उत्पादन अभियंत्याकडून ती होण्याचा संभव आहे. गेफीमध्ये ठिपके मांडण्याच्या पद्धतींच्या खिडकीचे नावच ‘ले-आउट’ असे आहे. आमच्या धंद्यात ले-आउट म्हणजे शेडचा नकाशा. हे एक नाव दोन अर्थांनी वापरता-वापरता मी नकळत पडद्यावरच्या चित्राला नकाशा समजू लागलो आणि एका रविवारी ते छापून शेडच्या नकाशावर ठेवून मशीनच्या जागा उतरवूनही घेतल्या. तो नकाशा पाहून आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने मोठ्या व्हीएमसीला शेडच्या खांबातच बसवल्याबद्दल माझे अभिनंदन केले. पडद्यावरच्या चित्रात मीटर नसतात, वर-खाली आणि डावे-उजवे यांना अर्थ नसतो, पुन्हा चालवले तर तेच चित्र आरशातल्यासारखे उलटे येऊ शकते. मशीनला लांबी-रुंदी असते, चिप कन्व्हेयरला मागे जागा लागते, बार फीडरला बाजूला लागते, व्हीएमसीचा पाया एकदा ओतला की तो हलत नाही, क्रेनची धाव शेडच्या एकाच गाळ्यापुरती असते. यांतले काहीही ठिपक्याला माहीत नाही. कोणाजवळ कोण असावे इतकेच जाळे सांगते, कोठे असावे हे सांगत नाही.

या चुकीतूनच गेफीचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला वापर सापडला. ठिपक्यांना आपल्या मनाने पळू न देता त्यांच्या खऱ्या जागी खिळवून टाकायचे. शेडच्या एका कोपऱ्यापासून प्रत्येक मशीनचे दोन दिशांचे अंतर मीटरमध्ये मोजून ते आकडे जीईएक्सएफ किंवा जीडीएफ प्रकारच्या फाइलमध्ये दिले की गेफी ठिपके तेथेच ठेवते. भौगोलिक स्थाने मांडणारा एक जोडप्रोग्रामही याच कामाला वापरता येतो. मग रेघांची जाडी म्हणजे फेऱ्या आणि रेघांची लांबी म्हणजे अंतर. जी रेघ जाडही आहे आणि लांबही आहे तिच्यात आपला पैसा जातो आहे, हे सांगायला व्याख्यान लागत नाही. ‘लीन’चे, म्हणजे वाया जाणारे श्रम कमी करण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण घेतलेले लोक याला शेवयांचा नकाशा (स्पॅगेटी डायग्राम) म्हणून ओळखतील, पण हाताने काढलेल्या शेवयांमध्ये जाडी नसते आणि गाळणी लावता येत नाही. गेफीत वजनाची गाळणी सरकवून आठवड्याला पाच फेऱ्यांपेक्षा कमी असलेल्या सर्व रेघा एका झटक्यात लपवता येतात, आणि ही सोय मी सर्वांत जास्त वापरली.

येथेही एक मर्यादा आहे. गेफीची रेघ कावळ्यासारखी सरळ उडते आणि ट्रॉली गँगवेने काटकोनात जाते. म्हणून चित्र गेफीत पाहावे आणि हिशोब एक्सेलमध्ये करावा. समजा, दोन मशीनमध्ये दिवसाला ३० फेऱ्या आहेत आणि गँगवेने अंतर १८ मीटर आहे, तर तो गुणाकार ५४०. मशीन हलवून अंतर ६ मीटरवर आणले तर १८०. सर्व जोड्यांची अशी बेरीज करून पर्यायांची तुलना करणे गेफीत होत नाही. त्यासाठी दुसरी फाइल उघडी ठेवावीच लागते, आणि एखादे मशीन हलवून बेरीज किती बदलली हे पडद्यावर तत्काळ दिसले असते तर हे साधन आपल्या धंद्यासाठी कितीतरी वरच्या दर्जाचे ठरले असते.

मालाच्या जाळ्यावर एवढे लिहिले, पण समाजजालाचे विश्लेषण हे नाव ज्याला खरे शोभते ते जाळे वेगळेच आहे : काम अडले की कोण कोणाकडे जातो. व्यवस्थापन शिकलेल्यांना हॉथॉर्न म्हटले की दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग आठवतात. हॉथॉर्न हा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा शिकागोजवळचा कारखाना; त्याच कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात एका खोलीतल्या १४ कामगारांचे निरीक्षण झाले : ९ वायरिंग करणारे, ३ सोल्डरिंग करणारे आणि २ तपासनीस. कोण कोणाला मदत करतो, कोण कामाची अदलाबदल करतो, कोण कोणाशी मस्करी करतो, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून कोणाचे वाजते, हे सगळे टिपले गेले. सरावासाठी मी खेळीमेळीच्या संबंधांचे ते जाळे गेफीत भरून पाहिले. दोन गठ्ठे पडले, त्यांना जोडणारी एकच रेघ उरली आणि दोन माणसे पूर्णपणे एकटी पडली. मध्यस्थतेचे माप येथे मात्र चोख काम करते; त्या एकुलत्या रेघेच्या दोन टोकांची माणसे सर्वांत वर येतात. विशेष म्हणजे त्या खोलीतले दोन कंपू एक पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या बाजूचा असेच ओळखले जात होते. कोणाचे बाक कोठे आहे, यावर कोणाची मैत्री कोणाशी होते हे बरेचसे ठरले होते. एमआयटीतले थॉमस ॲलन यांनी १९७७ मध्ये संशोधन करणाऱ्या अभियंत्यांबद्दल हेच मोजून दाखवले : बसण्याच्या जागांमधले अंतर वाढले की बोलणे झपाट्याने घटते आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते तळाला जाते. आमचे नवे शेड लांबीला त्याहून फार कमी नाही.

म्हणून मी दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना आणि सेटरांना (मशीनवर जॉब लावून देणाऱ्यांना) तीन प्रश्न विचारले : माप बाहेर गेले तर आधी कोणाला विचारता, टूल मोडले तर कोणाकडे जाता, आणि नवीन जॉब लावताना कोणाला बोलावता. उत्तरे गेफीत भरली. अपेक्षेप्रमाणे सुपरवायझर मध्यभागी यायला हवा होता. तो आला नाही. मध्यभागी आला एक जुना सेटर, ज्याच्याकडे हुद्दा नाही पण ज्याच्या टेबलाच्या खणात शॉपमधले निम्मे प्लग गेज (भोकांचे माप तपासण्याची साधने) असतात. चित्र न दाखवता मी त्याला नुसते विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, गेज तिकडं कपाटात ठेवायचं आणि काम हिकडं लावायचं, मग मधी माणूस हालणारच की. म्हणून मी खणात ठेवतोय.” गेजचे कपाट मेट्रॉलॉजीच्या (मापनाच्या) खोलीत, म्हणजे शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. लोक सेटरकडे सल्ल्यासाठी जात होते हे अर्धेच खरे होते. अर्धे जण गेजसाठी जात होते आणि गेज घेता-घेता सल्लाही घेत होते. ही बाब मालाच्या जाळ्यात कुठेही उमटली नव्हती, कारण गेजला रूट कार्ड नसते.

या दुसऱ्या जाळ्याबाबत मी एक अपराध केला, तोही लिहितो. पहिले चित्र मी नावांसह छापले आणि माझ्या टेबलावर उघडे राहू दिले. दुपारपर्यंत कोणाला कोणीच विचारत नाही, याची चर्चा कँटीनमध्ये पोचली होती. ज्या नवीन ऑपरेटरचा ठिपका कडेला एकटा होता, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे बरोबर होते. त्यानंतर नावांऐवजी अंक घातले, मूळ यादी कुलुपात ठेवली, आणि हे चित्र पगारवाढीच्या चर्चेत येणार नाही असे मालकांकडून सर्वांसमोर वदवून घेतले. ज्यांना एवढे करायचे नसेल त्यांनी माणसांचे जाळे काढू नये. मालाचे जाळे काढावे आणि थांबावे.

साधन म्हणून गेफीच्या वागणुकीबद्दल थोडक्यात. चित्र पाहण्याची, तक्ता दुरुस्त करण्याची आणि छपाईची अशा तीन खोल्या त्यात आहेत आणि त्यांची सवय आठवड्याभरात होते. मी वापरलेल्या ०.१० या आवृत्तीत केलेली कृती मागे घेण्याची सोय नाही. म्हणून ठिपके खोडण्याआधी फाइलची प्रत करून ठेवणे हा नियमच करावा. चित्र पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये उत्तम निघते आणि मोठ्या कागदावर छापले तरी फुटत नाही. सूचना मराठीत नाहीत, त्यामुळे सुपरवायझरच्या हातात ते देऊन मोकळे होता येत नाही; माउस कोणीतरी धरावाच लागतो. आणि एक मोठी उणीव अशी की हे दोघे जवळ नकोत, हे गेफीला सांगता येत नाही. रिचर्ड म्यूथर यांच्या १९६१ च्या मांडणी-पद्धतीत नात्यांना अक्षरे असतात आणि त्यांतले एक्स हे अक्षर दोन विभाग दूरच ठेवा असे बजावते. ग्राइंडरची धूळ आणि मेट्रॉलॉजीची खोली, किंवा डिबरिंगचा आवाज आणि ऑफिस, ही असली नाती आहेत. ओढणाऱ्या रेघा गेफीत काढता येतात, ढकलणारी रेघ काढता येत नाही. त्यासाठी आम्ही म्यूथर यांचा अक्षरांचा तक्ता कागदावर केला आणि भिंतीवर चित्राशेजारी लावला.

पर्याय आहेत. स्लोव्हेनियात १९९६ पासून विकसित होत असलेले पायेक हेही मोफत आहे, पण फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी. त्या शब्दाचा अर्थ तिकडच्या भाषेत कोळी, म्हणजे जाळे विणणारा, आपला दर्यावरचा नव्हे. ते गणितात भक्कम आहे पण चेहऱ्याने रुक्ष आहे. प्रोग्राम लिहिता येत असेल तर पायथनमधले नेटवर्कएक्स अधिक मोकळीक देते आणि अंतराचा हिशोबही तेथेच करता येतो; पुढच्या वेळी मी बहुधा गणित तिकडे करीन आणि चित्र गेफीत काढीन. १० पेक्षा कमी मशीन असतील, किंवा एकच वस्तू ओळीने सर्व मशीनमधून जात असेल, तर यांतले काहीच उघडू नये. तिथे पुठ्ठे पुरतात.

आमच्या शेडमध्ये शेवटी जे झाले ते पूर्णपणे गेफीचे नाही. रेडियल ड्रिल उचलून लहान व्हीएमसीशेजारी आणला. मोठा व्हीएमसी पायासकट होता तिथेच राहिला, जरी प्रत्येक चित्रात तो दुसऱ्या गटाकडे ओढला जात होता. नवा पाया ओतण्याचा खर्च वाचलेल्या फेऱ्यांतून कधी निघेल, या प्रश्नाला मालकांनी हात जोडले. एकच मोठे तपासणी टेबल मध्यभागी ठेवण्याऐवजी दोन्ही टेबले दोन गटांच्या तोंडाशी ठेवली आणि मेट्रॉलॉजीच्या खोलीत फक्त अंतिम तपासणी उरली. गेजचे कपाट त्या जुन्या सेटरच्या बाकाला लागून आणले, त्याला कुलूप घातले आणि किल्ली त्याच्याच हातात दिली. त्याच्या खणात आता जेवणाचा डबा असतो, आणि दोन प्लग गेज, जे तो अजूनही कपाटात ठेवायला तयार नाही.